पाटीवर काय लिवलंय

“आणि ह्या पाटीवर काय लिवलंय गं?”

आई भर चौकात उभी राहिली. तिच्या मागून मी थांबले आणि माझ्या मागून ओकासान. कोपऱ्यावरच्या खांबाला उलट्या त्रिकोणाची लाल पाटी होती. आई आल्यापासून ही पाटी मी तिला किती वेळा वाचून दाखवली होती, देव जाणे.

“थांबा,” मी म्हणाले.

“थांबलेच की. लिवलंय काय त्ये सांग.”

“तेच लिहिलंय, आई. थांबा.”

“बरं. मग चला आता,” असं म्हणून ती पुढं निघाली. ओकासाननी माझ्याकडं बघून काय झालं म्हणून विचारलं. काही नाही, मी म्हटलं. त्या दिवसांत माझं हे ‘काही नाही’ दोन्ही भाषांत सारखंच गुळगुळीत झालं होतं.

ओकासान म्हणजे माझ्या सासूबाई. जपानीत ओकासान म्हणजेही आईच. अशा दोन आयांच्या मधून मी त्या दुपारी गावाबाहेरच्या गरम पाण्याच्या झऱ्याकडं चालले होते. तिथं गावातल्या बायकापुरुषांसाठी वेगवेगळं स्नानघर आहे. विहीणबाईंना तिथं नेल्याशिवाय परत पाठवायचं नाही, असं ओकासाननी ठरवलं होतं. त्यांच्याकडं ज्या माणसाला आपलं मानायचं त्याच्याबरोबर एकदा पाण्यात बसायचं असतं. आपल्याकडं पंक्तीला बसवतात, तसं.

शुन, म्हणजे माझा नवरा, जाऊन वर्ष झालं होतं. पुण्यात मी एका कारखान्यात जपानीची दुभाषी होते, तिथं तो इंजिनियर म्हणून आला होता, आणि पुढं मी त्याच्या गावी आले. मागच्या शरदात कामावर निघताना तो दारात बसून बुटाची नाडी बांधत होता, तो तिथंच कोसळला. एक बूट पायात, एक बाहेर. आम्हाला मूलबाळ नव्हतं. घरात राहिलो मी आणि ओकासान. जपानी लोकही वर्षश्राद्ध करतात, भटजींच्या जागी बौद्ध भिक्षू येतो एवढंच. त्या श्राद्धासाठी आई माणदेशातून निघून, जन्मात पहिल्यांदा विमानात बसून आली होती.

निदान सांगायला श्राद्धासाठी. खरं तर ती मला न्यायला आली होती. दादानं परतीची तिकिटं दोघींची काढली होती. दहिवडीच्या शाळेत माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता आणि एक बिजवरही बघून ठेवला होता. दोन पोरांचा बाप, पण स्वभावानं गरीब, असं त्यानं फोनवर मला सांगितलं होतं. परवा निघायचं होतं आणि मी अजून हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. ओकासान काही विचारत नव्हत्या. आई काही बोलत नव्हती. आणि मला विचार करायचाच कंटाळा आला होता. खरं सांगते, कुणी बखोट धरून विमानात कोंबलं असतं तर मी गेले असते, आणि कुणी दारात आडवं पडलं असतं तर राहिले असते. पण दोघींपैकी कुणी काही करत नव्हतं. आई फक्त पाट्या विचारत होती.

पाट्यांनी तिनं मला वात आणला होता. दुकानाच्या दारावर ढकला, बँकेच्या दारावर ओढा. स्टेशनात बाहेर जायचा रस्ता, आत यायचा रस्ता, पायाखाली बघा, डोकं सांभाळा. चहाच्या यंत्रावर चिकटवलेलं बिघडले आहे. बागेत कबुतरांना दाणे घालू नयेत. एका बंद खानावळीच्या दाराला पाटी होती, तयारी चालू आहे. आईनं काचेला नाक लावून आत बघितलं.

“कसली तयारी? आत तर काळोख हाय.”

मी सांगितलं, बंद आहे असं हे लोक तोंडावर म्हणत नाहीत, तयारी चालली आहे म्हणतात. तिला ते फार आवडलं. आपल्याकडची पाटी कशी वसकन अंगावर येती, ती म्हणाली, हितं थुंकू नका, तिथं बसू नका, दंड होईल, कुत्र्यापासून सावध. इथली पाटी हात जोडून उभी असती. ते काही खोटं नव्हतं. इथं सिगारेट ओढू नका असं लिहीत नाहीत, ओढणं कृपया टाळावं असं लिहितात, आणि खाली एक कार्टून वाकून नमस्कार करत असतं.

पण विचारण्याला काही सुमार? चौथी शिकलेली बाई, पण डोकं तिखट. बायकांच्या संडासाची खूण तिनं दुसऱ्या दिवशीच ओळखली होती आणि स्टेशनात मला न सांगता एकटी जाऊन आली होती. बाहेर जायचं अक्षर तिला पाठ होतं, डोंगरावर डोंगर आणि शेजारी खिडकी, असं ती म्हणायची. तरी पुन्हा त्याच पाटीपाशी उभी राहून, हितं काय लिवलंय गं. एकदा मी चिडले. “अगं, तुला येतंय की हे,” म्हणाले. “म्हाताऱ्या माणसाच्या ध्यानात ऱ्हातंय व्हय?” म्हणून तिनं पदर सावरला आणि पुढच्या पाटीकडं बोट केलं. मी वाचलं. नुसतं वाचून भागत नव्हतं, असं का लिहिलंय, कुणासाठी लिहिलंय, हेही सांगावं लागत होतं. संध्याकाळी माझा घसा बसायचा.

स्नानघराच्या दारात निळा पडदा होता. आत बूट काढून कप्प्यात ठेवायचे. आईनं चपला ठेवल्या, माझा स्वेटर घातला होता त्याच्या बाह्या वर सारल्या आणि गल्ल्यावर बसलेल्या बाईला रामराम केला. ती बाई हसली. मग तिची नजर आईच्या हातांवर गेली आणि हसू तिथंच थांबलं.

आईच्या दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, गोंदण आहे. डाव्या हातावर तुळस आणि पाळणा. उजव्या हातावर सीतेची पावलं, ठिपक्यांच्या ओळी आणि एक चांगला बोटभर विंचू. तिच्या लहानपणी दारावर येणाऱ्या गोंदणारणीनं ते काढलं होतं. अंगावरचं सोनं मेल्यावर लोक काढून घेतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं आजी म्हणायची. आमच्या घरात त्या हिरव्या हातांनीच भाकरी थापली गेली होती, ते मला कधी वेगळे दिसलेच नव्हते. इथं येताना ते पुसून आणायला हवेत हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

गल्ल्यामागची बाई बाहेर आली. कमरेतून वाकली, पुन्हा वाकली, आणि दोन्ही तळहात पसरून तिनं भिंतीवरची पाटी दाखवली. ही पाटी हात जोडणारी नव्हती. अंगावर गोंदवलेल्यांना प्रवेश नाही, एवढंच लिहिलं होतं आणि शेजारी एक चित्र होतं. इथं गुंडांच्या टोळ्यांतली माणसं पाठभर, हातभर गोंदवून घेतात. त्यांना लांब ठेवायला अशा पाट्या लावतात. शुनबरोबर आले होते तेव्हा मी ती वाचली होती आणि विसरलेही होते.

“काय लिवलंय?” आईनं विचारलं.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला एक पाटी वाचता येईना. ती वाचली की संपलं, असं मला वाटलं. आई म्हणेल, बघ, असा मुलूख. मग बॅग भरायची. जायला माझी ना नव्हती, पण असं जायचं नव्हतं. आईचा कुणी पाणउतारा केला म्हणून, आणि तोही शुनच्या गावात.

ओकासान कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाल्या होत्या. ह्या बाईंनी जन्मात कधी लाल दिव्याला रस्ता ओलांडलेला नाही, गाडी नसली तरी. त्या गल्ल्यावरच्या बाईशी भांडल्या नाहीत. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, दिसत नसेल तर चालेल का? ती बाई बराच वेळ कॅलेंडरकडं बघत राहिली. मग म्हणाली, जे दिसत नाही ते मला कसं दिसणार?

ओकासाननी आईला बाकावर बसवलं. त्यांची कंबर धरते म्हणून त्यांच्या पर्समध्ये औषधाच्या पांढऱ्या चिकटपट्ट्या असतात. त्यांनी त्या बाहेर काढल्या आणि आईचा हात मांडीवर घेऊन एक एक लावायला लागल्या. तुळस झाकली. पाळणा झाकला. विंचवाला दोन लागल्या.

“माझं हात दुखत न्हाईत म्हणावं,” आई म्हणाली.

“असू दे आई. इथं म्हाताऱ्या माणसांनी पाण्यात जाताना लावायच्या असतात. तसं लिहिलंय तिथं.”

आईनं पाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि दुसरा हात आपण होऊन पुढं केला.

आत कपडे काढायची वेळ आली तेव्हा मला वाटलं, आता ही अडून बसणार. लुगड्यासकट उतरते म्हणेल, नदीवर उतरते तशी. ती म्हणालीही. ते चालत नाही म्हटल्यावर तिनं चारी बाजूंना बघितलं. सगळ्या म्हाताऱ्या बायका, कुणाचं कुणाकडं लक्ष नाही. आमच्या वाडीत बाळंतिणींना न्हाऊ घालायला आईलाच बोलावतात. “बायांत बाई. लाज कसली,” ती स्वतःलाच म्हणाली आणि लुगडं सोडून नीट घडी घालून ठेवलं.

पाण्यात उतरायच्या आधी बुटक्या चौरंगावर बसून अंग घासायचं असतं. ओकासाननी आईची पाठ घासली. ती त्यांची रीत आहे, पाहुण्याची पाठ आपण धुवायची. आईला ते सोसलं नाही. विहिणीनं पाठ धुवायची म्हणजे काय? तिनं त्यांना धरून उलटं बसवलं आणि अशी काही रगडली की ओकासानच्या पाठीला कोकम सरबताचा रंग आला. त्या दात दाबून सोसत होत्या. “हाडंच हायत नुसती. काय खाती का न्हाई ही?” आई म्हणाली. मी ते सांगितलं नाही. शुन गेल्यापासून आम्ही दोघी एकमेकींना दिसावं म्हणून जेवत होतो.

मग आम्ही पाण्यात बसलो. मी मध्ये, दोन बाजूंना दोघी. समोरच्या मोठ्या खिडकीतून डोंगर दिसत होता. पाण्याला किंचित गंधकाचा वास होता. वर्षभर आखडलेलं माझं अंग पाण्यात सैल झालं आणि मला एकदम झोप यायला लागली.

ओकासान खिडकीकडं बघत माझ्याशी बोलायला लागल्या.

“उजु-सान, तुमच्या आईला सांगाल का? मला कधीपासून सांगायचंय, पण तुमच्याशिवाय सांगायचा मार्ग नाही. त्यांना सांगा, की त्यांनी मुलगी इतक्या लांब दिली, तिनं माझ्या मुलाला सुखात ठेवलं, माझं दुःखही उचललं. आता त्यांनी तिला घेऊन जावं. माझी काळजी करू नये. मी आज ना उद्या मरेन आणि मग ती ह्या गावात एकटी उरेल. तसं व्हायला नको.”

त्यांचा आवाज बातम्या सांगितल्यासारखा सपाट होता. फक्त पाण्याखाली त्यांनी माझं मनगट धरलं होतं आणि ते सोडत नव्हत्या.

“काय म्हणती?” आईनं विचारलं.

“पाणी फार गरम नाही ना, विचारतायत.”

“झोंबतंय त्या पट्ट्यांनी,” आई म्हणाली. एक पट्टी सुटून पाण्यावर आली होती. विंचवाची नांगी दिसत होती. समोर दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या, त्यांनी ती बघितली आणि दोघींनी तोंडं खिडकीकडं वळवली. ओकासाननी हात लांब करून तरंगणारी पट्टी उचलली, मुठीत दाबली आणि जराशा पुढं सरकून बसल्या, आईला आडोसा करून.

आई ते सगळं बघत होती.

“उजे, त्या पाटीवर माझं हात हुतं न्हवं?”

मीही तोंड खिडकीकडं वळवलं.

“चित्तर काढलंय की हाताचं, वर फुली मारलीया. आईला अक्षर येत न्हाई, चित्तर बी कळत न्हाई, आसं वाटलं व्हय तुला?”

“तुला वाईट वाटेल म्हणून...”

“वाईट कशाचं. तिचं दुकान, तिची पाटी.” तिनं पाण्याची ओंजळ घेऊन सोडली. “मला पाट्यांचं काय करायचंय? मी काय हितं दुकान टाकणार हाय? वरीसभर फोनवर तुझं आपलं हूं, बरं, काय न्हाई. जेवलीस का, हूं. झोपलीस का, हूं. पोरीचा आवाज मेला म्हणून मी हितवर आले. तर हितं बी त्येच. मग त्या ठेसनात एक पाटी इचारली, तर तू चांगलं चार वाक्यं बोललीस. म्हटलं, सापडलं. मग काय, दिसंल ती पाटी इचारत सुटले.”

इतके दिवस मी मनातल्या मनात तिच्यावर करवादत होते आणि ती खांबाखांबाशी उभी राहून माझा आवाज उकरत होती.

“आता ऐक,” आई म्हणाली. “ही बाई चांगली हाय. तिला सांग, तुमची सून तुमच्यापाशीच ठिवा. दादाचं मी बघून घेते. तिकडं काय हाय तुला? चार दिस कौतुक, मग भावजयीच्या हाताखाली. कुणाच्या वटीभरणाला गेलीस की बाया एकमेकींत कुजबुजणार, पांढऱ्या पायाची म्हणून. त्या बिजवराची पोरं वाढवायची. मी हाय तवर ठीक. मी किती दिस पुरणार? सांग तिला. निघताना तुझं तिकीट मी घरीच दादाला मोडाय सांगून आलीया.”

“निघताना? मग मला का नाही सांगितलंस?”

“हिला बघायची हुती आदी.”

आता ओकासान माझ्याकडं बघत होत्या. त्यांना वाटलं, मी त्यांचं बोलणं सांगितलं आणि आई त्याचं उत्तर देते आहे. त्यांनी पाण्यातच आईला वाकून नमस्कार केला, मुलगी परत केल्यासारखा. आईला वाटलं, तिचं बोलणं त्यांना न सांगताच कळलं. तिनंही हात जोडले. दोघींनी मला एकमेकींना देऊन टाकलं होतं, आणि ते एकमेकींना सांगायचं कामही माझ्याच गळ्यात होतं.

मला हसू आलं की रडू, ते मला अजून सांगता येत नाही. वर्षभर मी त्यातलं काहीच केलं नव्हतं. मी आधी ओकासानना आईचं सांगितलं, मग आईला ओकासानचं. एक शब्दही गाळला नाही, पांढऱ्या पायाचंसुद्धा. दोघी ऐकत राहिल्या. मग ओकासान म्हणाल्या, नाही नाही, त्यांनीच न्यावं, असं कसं. आणि आई म्हणाली, न्हाई म्हणावं, तुमचा हक्क हाय. लग्नात विहिणी मानाच्या साडीसाठी एकमेकींना घ्या घ्या करतात, तसं त्यांचं सुरू झालं. एक मराठीत, एक जपानीत. हळूहळू माझ्याकडं बघायचंही त्या विसरल्या.

“मला कुणी विचारणार आहे का?” मी म्हणाले.

ते मी कुठल्या भाषेत बोलले मला आठवत नाही. पण दोघी एकदम माझ्याकडं वळल्या.

मग मला कळलं, की मला माहीत आहे. बहुतेक बरेच दिवस माहीत होतं, पण दमलेल्या माणसाला आपलं मनही उचलवत नाही. ज्या घराच्या दारात शुनचे बूट अजून ठेवलेले होते, ज्या घरात ही हाडं हाडं झालेली बाई रोज सकाळी माझ्या डब्यात अंड्याची पोळी गुंडाळून ठेवत होती, त्या घरी मला जायचं होतं. मी ओकासानकडं वळले आणि त्यांच्या भाषेत म्हणाले, “मी जाणार नाही. मला तुमच्याजवळ राहायचंय. एकटी उरले तर उरेन, ते तेव्हा बघू.”

ओकासानची हनुवटी तेवढी थरथरायला लागली.

मी आईकडं वळले. तिला सांगायचं म्हणजे पुन्हा सगळं मराठीत म्हणायचं आणि मराठीत ते जास्त जड होतं. “आई,” मी म्हणाले.

“नको सांगू,” आई म्हणाली. “आवाजावरनं कळलं.”

ती हसली. तिनंच तर दिलं होतं मला, आताच, तिच्या तोंडानं. पण देणं वेगळं आणि घेतलं गेलेलं बघणं वेगळं. तिचं तोंड वाकडं व्हायला लागलं. दुसऱ्याच्या गावात, विहिणीसमोर रडायची तिची रीत नव्हती. तिनं नाक चिमटीत धरलं आणि नदीवर मारतात तशी सरळ बुडी मारली. ओकासाननी तिच्या डोक्यावर बांधलेला अंबाडा सुटला आणि तिचे पांढरे केस पाण्यावर पसरले.

तिथं डोकं बुडवायची परवानगी नाही. समोरच भिंतीवर तशी पाटी होती, नीट हात जोडलेली. ओकासाननी ती बघितली. ज्या बाईनं जन्मात एक पाटी मोडली नव्हती, तिनं हातातला छोटा रुमाल काठावर ठेवला, श्वास घेतला आणि तिचंही डोकं पाण्याखाली गेलं.

मी दोघी वर यायची वाट बघत बसले.